इंग्लिश खाडीच्या दोन तीरांवरची वीज

३० सप्टेंबर २०२४च्या मध्यरात्री नॉटिंगहॅमशायरमधलं रॅटक्लिफ-ऑन-सोर वीजकेंद्र कायमचं थांबलं. १९६८ पासून चाललेलं, दोन हजार मेगावॉटचं आणि आठ अजस्र कूलिंग टॉवरांचं हे केंद्र म्हणजे ब्रिटनमधलं कोळशावर चालणारं शेवटचं. लंडनच्या होबर्न व्हायाडक्टवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं होतं १८८२ मध्ये. १४२ वर्षांनी ब्रिटननं कोळशाचा हिशेब मिटवला.

या बातमीचं जगभर कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण ती वाचताना अनेकांच्या मनात एक गफलत होते. खाणी आणि कोळशाची वीज एकदमच गेली, असं वाटतं. तसं झालेलं नाही. आधी खाणकामगार गेले, कोळसा त्यानंतर कितीतरी वर्षं जळत राहिला.

मार्च १९८४ मध्ये खाणी बंद करण्याविरुद्ध संप सुरू झाला, तेव्हा ब्रिटनच्या कोळसा खाणींत पावणेदोन लाखांहून अधिक माणसं कामाला होती. संप वर्षभर चालला आणि मोडला. मग एकेक खाण बंद होत गेली आणि यॉर्कशायर, साउथ वेल्सच्या ज्या गावांचं सारं आयुष्य खाणीभोवती फिरत होतं ती ओस पडली. नव्वदच्या दशकात वीज कंपन्या खाजगी झाल्या आणि उत्तर समुद्रातल्या वायूवर चालणारी केंद्रं भराभर उभी राहिली. १९९० मध्ये विजेत जवळजवळ नगण्य असलेला वायूचा वाटा दहा वर्षांत चाळीस टक्क्यांच्या आसपास गेला. तरीही २०१२ मध्ये ब्रिटनची सुमारे चाळीस टक्के वीज कोळशाचीच होती! फक्त तो कोळसा आता बहुतांशी रशिया, कोलंबिया, अमेरिकेतून जहाजानं येत होता. एप्रिल २०१३ पासून वीज बनवताना होणाऱ्या कार्बनवर सरकारनं कर बसवला, तो पुढे वाढवला आणि २०१६ पर्यंत कोळशाचा वाटा दहा टक्क्यांच्या खाली आला. २१ एप्रिल २०१७ हा कोळशाशिवायचा पहिला अख्खा दिवस. केलिंगली ही शेवटची खोल खाण त्याआधीच, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली होती. म्हणून या दुसऱ्या बदलाला रस्त्यावर विरोध झाला नाही. विरोध करणारी माणसं तीस वर्षांपूर्वीच हरली होती.

आता पलीकडच्या तीरावर. १९७३ मध्ये फ्रान्सची सुमारे चाळीस टक्के वीज आयात खनिज तेलावर बनत होती. त्या हिवाळ्यात तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला. ६ मार्च १९७४ रोजी पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी दूरचित्रवाणीवरून अणुवीज हाच मार्ग असल्याचं सांगितलं. संसदेत सविस्तर चर्चा न होताच देशाची दिशा ठरली. सरकारी वीज कंपनी एकच, अणुभट्टीचा नमुना ठरलेला, तोच पुन्हा पुन्हा बांधायचा. १९९० पर्यंत फ्रान्सची सुमारे तीन-चतुर्थांश वीज अणुभट्ट्यांतून येऊ लागली.

इंधन घरात कुठवर शिरतं ते पाहायचं तर फ्रेंच घराची भिंत पाहावी. अणुवीज मुबलक म्हणून लाखो घरांत भिंतीवर विजेचे हीटर बसले. आज हिवाळ्यात पारा एक अंशानं उतरला की देशाची मागणी सुमारे २,४०० मेगावॉटनं वाढते. ब्रिटनची घरं ऊब घेतात वायूच्या बॉयलरकडून. तिथल्या वीज नियंत्रकांची धांदल उडवते ती चहाची किटली. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून हरलं, घरोघरी किटल्या लागल्या आणि मागणी २,८०० मेगावॉटनं उसळली. अशा वेळी वेल्समधल्या डिनॉरविगच्या डोंगरात वर साठवलेलं पाणी खाली सोडून काही सेकंदांत वीज मिळवतात.

फ्रान्सचा मार्ग बिनधोक होता असं मात्र नाही. २०२२ मध्ये अनेक भट्ट्यांच्या नळ्यांत गंजामुळे तडे सापडले, भट्ट्या बंद ठेवाव्या लागल्या आणि एरवी वीज विकणारा देश वर्षभराच्या हिशेबात खरेदीदार झाला. खाडीखालच्या केबलमधून सहसा फ्रान्सकडून ब्रिटनकडे वाहणारी वीज त्या वर्षी उलटी वाहिली. फ्लामांव्हीलची नवी अणुभट्टी २००७ मध्ये बांधायला घेतली आणि ग्रीडला जोडली डिसेंबर २०२४ मध्ये. सत्तरच्या दशकातली शिस्त आणि वेग आता उरलेला नाही, हे मला फ्रान्सच्या कहाणीतलं सर्वांत बोलकं सत्य वाटतं.

लोकांना न विचारता घेतलेल्या निर्णयातून फ्रान्समध्येही एकदा माघार घ्यावी लागली. ब्रिटनीच्या पश्चिम टोकावरच्या प्लोगॉफ गावात अणुकेंद्र होणार म्हटल्यावर १९८० मध्ये गावकरी, त्यांत कितीतरी दर्यावर्दी कुटुंबांतल्या बायका, आठवडेच्या आठवडे पोलिसांपुढे उभे राहिले. १९८१ मध्ये मित्तराँ अध्यक्ष झाले आणि प्रकल्प रद्द झाला.

हाच प्रश्न आपल्या किनाऱ्यावरही आहे. फ्लामांव्हीलच्याच जातीच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉटच्या, रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला व्हायच्या आहेत. त्यांना विरोध करताना १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाट्याचा एक तरुण पोलिसांच्या गोळीनं गेला. प्रकल्पासाठी तिथल्या माडबनच्या सड्यावरची जमीन संपादित झाली, कुंपण पडलं. भट्टी अजून एकही उभी नाही.