टी-पेशी आणि संपर्काचे बंधन

प्रतिकारपेशी एकमेकींशी रक्तात सोडलेल्या रासायनिक द्रव्यांच्या द्वारेच संवाद साधतात, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु टी-पेशीचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय दुसऱ्या पेशीस प्रत्यक्ष भिडल्यावाचून होत नाही. या बंधनाचे प्रयोजन काय, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

१९७४ साली कॅनबेरा येथे झिंकरनागेल व डोहर्टी यांनी असे दाखविले की, विषाणुबाधित उंदराच्या टी-पेशी बाधित पेशींचा नाश करतात, तो त्या पेशींचे ऊतिसंगती-रेणू जुळत असतील तरच. म्हणजे टी-पेशी सुट्या विषाणूस ओळखीत नाही. शेजारच्या पेशीने आपल्या ऊतिसंगती-रेणूत धरून पटलावर मांडलेला विषाणुप्रथिनाचा तुकडा ती ओळखते. सुटा रेणू शरीरात कोठेही वाहत जाईल. असा धरलेला तुकडा मात्र बाधित पेशी नेमकी कोणती, हे सांगतो.

ही ओळख पटते तेथे दोन पटलांमधील अंतर सुमारे १५ नॅनोमीटर असते. आतील संदेश विझविणारे सीडी४५ हे लांबट प्रथिन या फटीत मावत नाही; ते बाजूस सारले गेल्याने संदेश टिकतो, असे मानले जाते. तथापि एवढ्याने भागत नाही. समोरच्या पेशीवरील सीडी८० अथवा सीडी८६ या रेणूंशी टी-पेशीचे सीडी२८ जुळावे लागते. पहिला संदेश ‘कोण’ ते सांगतो, दुसरा ‘धोका आहे’ असे सांगतो. आणि सामान्यतः दोन्ही एकाच भेटीत मिळावे लागतात.

हे बंधन मोडल्यास काय होते, ते मार्च २००६ मध्ये लंडन येथे दिसून आले. टीजीएन१४१२ हे प्रतिपिंड पहिल्या संदेशाची वाट न पाहता सीडी२८ च्या द्वारे टी-पेशींना चेतविणारे होते. माकडांत ते निरुपद्रवी ठरले होते. परंतु ज्या सहा निरोगी स्वयंसेवकांस ते टोचले, त्या सर्वांच्या शरीरात काही तासांतच सायटोकाइन-द्रव्यांचा लोट उसळला व अवयव निकामी होऊ लागले. अतिदक्षता-उपचारांनी सहाही जण वाचले.

याउलट २०११ साली अमेरिकेत मान्यता पावलेले इपिलिमुमॅब हे कर्करोगावरील प्रतिपिंड सीटीएलए-४ हा केवळ लगाम सैल करते. प्रतिजनाची ओळख पटण्याची अट कायम राहते. तरीही स्वतःच्या ऊतींवर आघात होण्याचा धोका त्यात आहेच. तात्पर्य, स्पर्शाची अट ही प्रतिकारयंत्रणेची उणीव नव्हे. तो तिच्या संयमाचा आधार होय.