ग्रंथालयात भुतांची संध्याकाळ : खर्च थोडा, उपयोग मोठा



दरवर्षी १४ ते २० नोव्हेंबर हा आठवडा देशभर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह म्हणून पाळला जातो. येत्या सप्ताहात एका सायंकाळी आपल्या शाळेच्या ग्रंथालयात 'भुतांची संध्याकाळ' भरवावी, असे आम्ही ग्रंथालय समितीच्या सभासदांनी ठरवले आहे. "शाळेत भुते कशाला?" असा प्रश्न काही पालकांच्या मनात नक्की येईल. म्हणून हा कार्यक्रम काय आहे, कसा करायचा आणि मुख्य म्हणजे का करायचा, हे येथे सविस्तर सांगत आहोत.

ही कल्पना परकी आहे का?

पाश्चात्त्य देशांत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन साजरा होतो. त्याचे मूळ आयर्लंड व स्कॉटलंडकडच्या, सुगी संपून हिवाळा लागतानाच्या जुन्या सणात सापडते. तेथे सलगम कोरून दिवे करत. आयरिश लोक अमेरिकेत गेले आणि सलगमाच्या जागी भोपळा आला. अलीकडे अनेक देशांतील ग्रंथालये या निमित्ताने मुलांना पुस्तकांकडे ओढून आणतात.

पण आपल्याकडेही असे दिवस आहेत. बंगालमध्ये कालीपूजेच्या आदल्या रात्री 'भूत चतुर्दशी' असते. त्या दिवशी चौदा दिवे लावतात आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात. गोव्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची प्रथा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. भीतीला आकार द्यायचा, तिला चारचौघांत आणायचे आणि निरोप द्यायचा. आपल्यालाही नेमके हेच करायचे आहे.

खरी भीती कोणती?

आपल्या भागात बाणामती, चेतबडी, करणी हे शब्द केवळ गोष्टींपुरते नाहीत. कोणाचे मूल आजारी पडले, कोणाचे जनावर दगावले, की संशयाचे बोट एखाद्या म्हातारीकडे किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाकडे वळते. अशा संशयावरून मारहाण झाल्याच्या, जीव गेल्याच्या घटना तेलंगणात घडलेल्या आहेत. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ पासून या प्रश्नावर काम करत आली. तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी तेथे जादूटोणाविरोधी कायदा झाला. किनवट-माहूरकडच्या आपल्या नातेवाइकांना तो लागू आहे, बोथला नाही. पण कायदा असो वा नसो, भोंदू माणसाची युक्ती ओळखता येणे हे मुलांचे पहिले संरक्षण आहे.

म्हणून आमच्या कार्यक्रमाचे दोन भाग आहेत. पहिल्या अर्ध्या तासात भीती. नंतर सर्व दिवे लावून प्रत्येक भुताचे गुपित उघड. दुसरा भाग वगळून पहिलाच करायचा असेल, तर कार्यक्रम न केलेला बरा.

तयारी कशी करायची?

नोव्हेंबरच्या मध्यात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे सहा वाजता सुरू करून साडेसातपर्यंत मुले घरी पोचू शकतात.

जाळी-जळमटांसाठी विकतचे काही नको. आदिलाबाद हा कापसाचा मुलूख आणि हे दिवस वेचणीचे. मूठभर कापूस विंचरून कपाटाच्या कोपऱ्यांवर ताणला की झाले. खिडक्यांना जुन्या गडद चादरी लावाव्यात. किराणा दुकानातील पुठ्ठ्याचे खोके कापून वटवाघळे व घुबडे करावीत. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधावा.

भिंतीवरच्या सावल्यांसाठी एक पांढरे धोतर आणि मागे एक टॉर्च पुरे. हात टॉर्चजवळ नेला की सावली राक्षसाएवढी होते, दूर नेला की लहान. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की घुमल्यासारखा आवाज येतो. जुनी एक्स-रे फिल्म हलवली की ढग गडगडतात.

झाकलेल्या डब्यांत हात घालून वस्तू ओळखायचा खेळ लहानांना फार आवडतो. शिजवलेल्या शेवया म्हणजे गांडुळे, नारळाची शेंडी म्हणजे केस, भिजवलेला सब्जा म्हणजे बेडकाची अंडी!

दिवे लावल्यावर

दोन प्रयोग मुद्दाम ठेवले आहेत, कारण हेच प्रयोग दाखवून लोकांना फसवले जाते. पहिला 'रक्ताच्या हाताचा'. कागदाला हळदीचे पाणी लावून वाळवायचा. त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशाने पंजा काढला की तो लालभडक उमटतो. हळदीतला रंग क्षारयुक्त पदार्थाने लाल होतो, इतकेच त्याचे रहस्य. दुसरा 'रक्ताच्या लिंबाचा'. सुरीच्या पात्यावर लाल जास्वंदीची पाकळी चोळून वाळवायची आणि लिंबू कापायचे. लिंबाच्या आम्लाने जास्वंदीचा रंग लाल होऊन रसात उतरतो. "तुमच्यावर करणी झाली आहे" असे सांगून असे लिंबू दाखवणारा उद्या दारात आला, तर आपली सातवीतली मुलगी त्याला सुरी धुऊन आणायला सांगेल! (सुरी मात्र शिक्षकांनीच हाताळायची. सोड्याचे पाणीही त्यांनीच कालवायचे.)

अंधारात खुंटीवरचा सदरा माणूस का वाटतो, हेही तेव्हा सांगायचे. कमी प्रकाशात डोळ्यांना रंग आणि बारकावे नीट कळत नाहीत. उरलेले चित्र मेंदू स्वतः पूर्ण करतो, आणि मनात भीती असेल तर ते भीतीचेच करतो.

पुस्तके कुठे आहेत?

पुस्तकांशिवाय हा कार्यक्रम जत्रेतल्या खेळासारखा होईल. म्हणून 'भुताचा माग' हा शोधखेळ. ग्रंथालयांच्या ड्युई पद्धतीत गूढविद्येचा क्रमांक १३३, लोककथांचा ३९८ आणि विज्ञानाचा ५००. पहिली चिठ्ठी १३३ मध्ये, ती पाठवणार ३९८ कडे आणि शेवटची ५०० कडे. भुतापासून निघालेली मुले विज्ञानाच्या कपाटापाशी पोचतील.

मध्ये कथावाचन. वेताळाच्या गोष्टी यासाठी उत्तम, कारण वेताळ शेवटी प्रश्न विचारतो. आम्ही त्या प्रश्नापाशीच थांबणार. उत्तर हवे असेल तर पुस्तक घरी न्यायचे. आठवीच्या पुढच्या मुलांसाठी नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या निवडक कथा ठेवू. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने शाळांतून तेलुगू शिकणे आवश्यक झाले. ते योग्यच आहे. पण मराठी वाचनाची गोडी आता आपल्यालाच जपावी लागेल. आजी-आजोबांनी मराठीतून आणि तेलुगू शेजाऱ्यांनी तेलुगूतून एकेक गोष्ट सांगितली, तर भूत आणि दय्यम एकमेकांचे भाऊ आहेत हे मुलांना कळेल.

काही पक्के नियम

१. मेणबत्ती, पणती, कंदील नाही. कागद आणि कापूस असलेल्या खोलीत फक्त टॉर्च.

२. दार बंद करायचे नाही. वाटेत वायर, दोरी नको. कोणालाही ओढून आत न्यायचे नाही, आणि मागून स्पर्श करायचा नाही. चौथीपर्यंतच्या मुलांसाठी दिवे लावूनच वेगळा कार्यक्रम.

३. म्हातारी, विधवा, अपंग किंवा मनाने आजारी व्यक्ती यांचे सोंग भूत म्हणून आणायचे नाही. ज्यांच्यावर खऱ्या आयुष्यात संशय घेतला जातो, त्यांनाच आपण चेटकीण दाखवले तर सगळे मुसळ केरात.

४. मोरपिसांचा मुकुट आणि अंगाला राख, असा गुस्साडीचा वेष भीतीसाठी वापरायचा नाही. दंडारीतील गुस्साडी हे आपल्या गोंड बांधवांच्या श्रद्धेचे स्वरूप आहे. त्याच नृत्यासाठी मार्लवाईच्या कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली होती.

५. गावातील कोणत्याही घराचे, झाडाचे, विहिरीचे नाव गोष्टीत घ्यायचे नाही.

खर्च

विश्वस्तांकडे आम्ही रु. १,५०० मागत आहोत. जिलेटिन कागद, चार्ट पेपर व दोरा रु. २५०, टॉर्चचे सेल रु. २००, हळद-सोडा-लिंबू-शेवया-सब्जा रु. १५०, चिवड्यासाठी रु. ४०० आणि नवीन पुस्तकांसाठी रु. ५००. म्हणजे एक तृतीयांश रक्कम कायमची कपाटात राहील. चादरी, धोतर, खोके आणि कापूस पालकांनी द्यावा, ही विनंती. प्रवेशशुल्क नाही. दारात आपण वाचलेल्या एका पुस्तकाचे नाव सांगायचे आणि जाताना एक पुस्तक घेऊन जायचे.

घाबरून आलेली मुले हसत घरी गेली आणि रात्री त्यांनी आईला हळदीचा प्रयोग करून दाखवला, तर कार्यक्रम यशस्वी झाला असे आम्ही समजू. साहित्य देऊ इच्छिणाऱ्यांनी आणि गोष्ट सांगू इच्छिणाऱ्यांनी दिवाळीपूर्वी ग्रंथालयात नाव नोंदवावे.