रॅमला किती व्होल्ट द्यावेत?

मेजावरचा संगणक काम करता करता मध्येच बंद पडू लागला, की कोणी तरी सांगतो, 'रॅमचे व्होल्टेज थोडे वाढवा.' हा उपाय कधी कधी लागूही पडतो; परंतु मर्यादा ठाऊक नसेल, तर तो फार महाग पडतो.

रॅम ही संगणकाची तात्पुरती स्मृती होय. तिच्यातील असंख्य सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार आहे की नाही, यावरून एक किंवा शून्य वाचला जातो. विद्युत्दाब अपुरा पडला, तर वाचनात चूक होते. तो अति झाला, तर उष्णता वाढते व आतील थरांची झीज होते. म्हणून रॅमच्या प्रत्येक पिढीचा दाब ठरलेला आहे. डीडीआर ३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर ४ ला १.२ व्होल्ट आणि डीडीआर ५ ला १.१ व्होल्ट. एकीचा आकडा दुसरीला लावू नये.

धोका केवळ रॅमच्या पट्टीलाच असतो, असे नाही. २००८ साली इंटेलने कोअर आय ७ मध्ये रॅमचा नियंत्रक प्रोसेसरच्या पोटातच बसविला, आणि डीडीआर ३ ला १.६५ व्होल्टांहून अधिक दाब देऊ नये, असे बजावले. अतिदाबाने पट्टीबरोबर तिच्याहून महाग असा प्रोसेसरही जायचा!

तेव्हा प्रथम संगणक बंद करून, वायर भिंतीतून काढून, पट्टीवरील चिठ्ठी वाचावी. मग संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ २ ही कळ दाबून बायॉसमध्ये शिरावे आणि तेथे दिसणारे रॅमचे व्होल्टेज चिठ्ठीशी ताडून पाहावे. डीडीआर ४ च्या वेगवान पट्ट्यांवर पुष्कळदा १.३५ व्होल्ट लिहिलेले असते. तो आकडा निर्मात्याने त्या वेगासाठीच नेमलेला असतो. अशा वेळी हाताने आकडे घालण्यापेक्षा एक्सएमपी ही तयार योजना निवडावी. साध्या पट्टीला 'ऑटो' पुरेसे आहे. कारण पट्टीवरील एका लहानशा चिपमध्ये तिची मापे नोंदलेली असतात व मदरबोर्ड ती वाचून घेतो.

एवढे करूनही संगणक अडखळला, तर दाब वाढविण्याआधी वेग एक पायरी उतरवावा. चिठ्ठीवरील आकडा ओलांडू नये. नंतर मेमटेस्ट८६ या प्रोग्रॅमने काही तास तपासणी करावी. तीत एकही चूक आढळता कामा नये. संगणक बंद पडला, तर निदान कळते तरी. पण विद्यार्थ्याच्या गुणांतील किंवा दुकानाच्या हिशेबातील एखादा आकडा निमूटपणे बदलला, तर तो कोणाच्या ध्यानात येणार? वेग उतरवूनही चुका निघत राहिल्या, तर एकेक पट्टी वेगळी लावून तपासावी आणि सदोष ठरेल ती बदलून घ्यावी.