विश्लेषण : परळच्या रुग्णालयांची कार्यक्षमता मोजायची कशी? मॉडेल बदलले की गुण का बदलतात?

परळच्या केईएम रुग्णालयात केसपेपरसाठी सकाळपासूनच रांग लागते. वाडिया बाल रुग्णालय आणि टाटा मेमोरियलही याच परिसरात आहेत. हाताशी असलेले डॉक्टर, परिचारिका आणि खाटा कोणते रुग्णालय नीट वापरते, हे आकड्यांत सांगता येईल का? त्यासाठी जगभर वापरले जाणारे तंत्र म्हणजे डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, थोडक्यात ‘डीईए’. मात्र त्यातले कोणते मॉडेल निवडले, यावर एखादे रुग्णालय ‘पास’ की ‘नापास’ हे ठरू शकते.

डीईए म्हणजे काय?

आहे त्या साधनांत जास्तीत जास्त काम करणे म्हणजे तांत्रिक कार्यक्षमता. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ मायकेल फॅरेल यांनी १९५७ मध्ये ती मोजण्याची पद्धत मांडली. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी तिला गणिती मॉडेलचे रूप दिले. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘सीसीआर’ म्हणतात. ऱ्होड्स तेव्हा अमेरिकेतील सरकारी शाळांत वंचित मुलांसाठी राबवलेल्या कार्यक्रमाचा अभ्यास करत होते. शाळेत नफा-तोटा नसतो, तसाच तो पालिकेच्या रुग्णालयातही नसतो. म्हणून येथे आदर्श आकडा बाहेरून आणला जात नाही. गटातील सर्वोत्तमांना १०० गुण मिळतात आणि बाकीच्यांना त्यांच्या तुलनेत.

दोन मॉडेलांत फरक काय?

सीसीआर असे गृहीत धरते की साधने दुप्पट केली की कामही दुप्पट होते. प्रत्यक्षात छोट्या आणि मोठ्या रुग्णालयांचे गणित सारखे नसते. म्हणून १९८४ मध्ये राजीव बँकर, चार्न्स आणि कूपर यांनी ‘बीसीसी’ मॉडेल आणले. त्यात प्रत्येकाची तुलना साधारण त्याच आकाराच्या रुग्णालयांशी होते.

उदाहरणाने समजून घेऊ...

चार काल्पनिक रुग्णालये घेऊ. साधन एकच, डॉक्टर. काम एकच, दिवसाला तपासलेले रुग्ण.

• अ : १० डॉक्टर, २०० रुग्ण
• ब : ४० डॉक्टर, १,२०० रुग्ण
• क : १०० डॉक्टर, २,५०० रुग्ण
• ड : ४० डॉक्टर, ८०० रुग्ण

एका डॉक्टरमागे सर्वाधिक, म्हणजे ३० रुग्ण ‘ब’मध्ये तपासले जातात. सीसीआरनुसार ‘ब’ला १००, ‘क’ला ८३, तर ‘अ’ आणि ‘ड’ या दोघांना ६७ गुण मिळतात. बीसीसीमध्ये मात्र ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ तिघेही १०० वर जातात. एकटा ‘ड’ ७० वर अडकतो, कारण ८०० रुग्णांसाठी २८ डॉक्टर पुरतील असा हिशोब निघतो.

म्हणजे ‘अ’ आणि ‘ड’चे गुण सारखे असले, तरी दुखणे वेगळे आहे. ‘अ’ची अडचण लहान आकाराची, तर ‘ड’ची कामकाजाची. फक्त सीसीआर पाहून दोघांचा निधी कापला, तर ‘अ’वर अन्याय होईल. दुसरीकडे, बीसीसी सर्वात लहान आणि सर्वात मोठ्याला सहज १०० देऊन टाकते, कारण त्यांच्या आकाराचे दुसरे कोणी गटात नसते. त्यामुळे दोन्ही गुण शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

‘डॉक्टर कमी करा’ की ‘रुग्ण वाढवा’?

डीईए दोन्ही बाजूंनी मोजता येते. तेच काम किती कमी साधनांत झाले असते, किंवा त्याच साधनांत किती जास्त काम झाले असते. दुसऱ्या पद्धतीने ‘ड’चे बीसीसी गुण ७० वरून ६७ होतात. जिथे मनुष्यबळ आधीच अपुरे, तिथे दुसरा प्रश्न विचारणे अधिक योग्य.

केईएमची तुलना कोणाशी?

शेजारच्या वाडिया किंवा टाटाशी नाही. लहान मुलांचे उपचार, कर्करोगाचे उपचार आणि सर्वसाधारण रुग्णालयाचे काम एका तराजूत तोलता येत नाही. कामाचे स्वरूप पाहता शीव आणि नायर ही पालिकेची रुग्णालये जवळची. पण तीनच रुग्णालये पुरत नाहीत. डॉक्टर, परिचारिका, खाटा, बाह्यरुग्ण आणि शस्त्रक्रिया असे पाच घटक धरले, तर ढोबळ नियमानुसार त्यांच्या तिप्पट, म्हणजे किमान १५ रुग्णालये हवीत. डीईए प्रत्येकाला त्याच्या सोयीचे वजन निवडू देते. त्यामुळे गट लहान असला की जवळपास सगळेच ‘पहिले’ येतात.

गुण काय सांगत नाहीत?

रुग्ण बरा झाला का, हे नुसत्या संख्येतून कळत नाही. इतर रुग्णालयांतून पाठवलेल्या गंभीर रुग्णाला वेळ आणि खाट दोन्ही जास्त लागतात. ही गुंतागुंत मोजणीत धरली नाही, तर अवघड रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाचेच गुण घटतात. शिवाय १०० गुण म्हणजे गटात सर्वोत्तम. सगळा गटच मागे असेल, तर डीईएला ते दिसत नाही. म्हणून कार्यक्षमतेची यादी हाती आली की आधी तीन गोष्टी विचाराव्यात : मॉडेल कोणते, तुलना कोणाशी आणि मोजले काय?