कंटेनर, संगणकीय

संगणकाची आज्ञावली व ती चालण्यास लागणाऱ्या साहाय्यक संचिका एकत्र बांधून, त्याच संगणकावरील इतर आज्ञावलींपासून अलग ठेवून चालविण्याची पद्धती. एका ठिकाणी तयार झालेली आज्ञावली दुसरीकडे फेरबदलावाचून चालावी, म्हणजेच तिला सुवाह्यता यावी, हा या पद्धतीचा मुख्य हेतू होय.

सुवाह्यतेची गरज कंटेनरांच्या प्रसारापूर्वीच जाणवली होती. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झालेली ई-प्रशासन पद्धती राज्यातील अन्य नागरी संस्थांत राबविण्याचे महाराष्ट्र शासनाने ठरविले. अशा विस्तारात प्रत्येक ठिकाणची परिचालन प्रणाली व साहाय्यक संचिकांच्या आवृत्त्या निराळ्या असल्यास तीच आज्ञावली अडखळते.

आभासी यंत्रात प्रत्येक आज्ञावलीसोबत संपूर्ण परिचालन प्रणाली असते. कंटेनर मात्र यजमान प्रणालीचा गाभा सामाईकपणे वापरतो. त्यामुळे तो आकाराने लहान असतो व त्वरित सुरू होतो. युनिक्समधील चेंज रूट (१९७९) व फ्रीबीएसडीमधील जेल (२०००) या सुविधा त्याच्या पूर्वपीठिका होत. २०१३ मध्ये डॉकर ही प्रणाली प्रसिद्ध झाल्यावर कंटेनरांचा वापर सर्वत्र पसरला.

२०१४ च्या अखेरीस कोअरओएस या कंपनीने रॉकेट ही प्रतिस्पर्धी प्रणाली पुढे आणली. प्रत्येक कंपनीचा कंटेनर निराळ्या घडणीचा झाल्यास सुवाह्यता नष्ट झाली असती. म्हणून २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली व २०१७ मध्ये तिची पहिली मानके ठरली. त्यांचा उपयोग लवकरच दिसून आला. कंटेनरांचे नियोजन करणाऱ्या कुबर्नेटीस प्रणालीने २०२२ मध्ये डॉकरसाठीचा अंगभूत दुवा काढून टाकला. तरीही डॉकरने बांधलेले कंटेनर तीवर चालत राहिले. रॉकेटचा विकास थांबला, पण स्पर्धेतून निघालेली मानके टिकली.

ही सुवाह्यता निरपवाद नाही. विंडोजसाठी बांधलेला कंटेनर लिनक्सच्या गाभ्यावर चालत नाही. एका जातीच्या प्रक्रियकासाठी बांधलेला दुसऱ्या जातीच्या प्रक्रियकावर सामान्यतः थेट चालत नाही. मालमत्ता कर किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदी कंटेनरात नव्हे, तर सहसा स्वतंत्र माहितीसंचयात असतात. तो संचय एकाच पुरवठादाराच्या खास सेवेशी बांधला गेल्यास कंटेनर हलविता येतो, कारभार मात्र हलविता येत नाही. म्हणून पुरवठादार बदलण्याची मोकळीक राखू इच्छिणाऱ्या सार्वजनिक संस्थेस माहितीसंचयाचे स्वरूपही खुल्या मानकांनुसार ठेवणे आवश्यक ठरते.