उंच उडीसाठी उपास नको

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातल्या देवगावचा सर्वेश कुशारे २.२८ मीटर उंच उडाला आणि सहावा आला. या स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. पुण्यात बालेवाडीला सराव करणाऱ्या मुलामुलींना अशा उडीचं स्वप्न पडणं साहजिक आहे. मात्र त्या स्वप्नापायी जेवण तोडणं घातक आहे.

उंच उडीत पाय जमिनीला टेकतो तो सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळ. तेवढ्यात शरीराला वरच्या दिशेने सेकंदाला चार-साडेचार मीटर वेग मिळाला, तर शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे मीटरभर वर जातो. वजन जास्त असेल तर त्याच वेगासाठी रेटाही जास्त लागतो. म्हणून अंगावरची जादा चरबी नडते. पण रेटा देतात ते स्नायू. उपाशी राहून चरबीबरोबर तेही झिजले, तर काट्यावरचा आकडा उतरतो आणि उडीही उतरते.

नॉर्वेतल्या संशोधकांनी अव्वल खेळाडूंचे दोन गट केले होते. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने आठवड्याला ०.७ टक्के वजन उतरवायचं, दुसऱ्याने १.४ टक्के, म्हणजे ७० किलोच्या माणसाने अर्धा किलो किंवा एक किलो. वजनांचा व्यायाम दोघांनाही होता. सावकाश गेलेल्यांची चरबी घटलीच, शिवाय चरबीविरहित वजन सुमारे २ टक्क्यांनी वाढलं आणि जागेवरून मारलेली उभी उडीही सुधारली. घाई केलेल्यांच्या स्नायूंत अशी वाढ दिसली नाही. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात वजनासोबत उडीही मोजली गेली.

मग खायचं काय? ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६० किलोला साधारण ९५ ग्रॅम. ती रात्रीच्या एकाच जेवणात न कोंबता दिवसभरात वाटून घ्यावीत. दोन अंडी आणि पाव लिटर दूध मिळून २० ग्रॅम होतात. शाकाहारी मुलांना ४० ग्रॅम कोरड्या सोयावडीतून तेवढीच मिळतात. सकाळी नुसते पोहे खाऊन मैदानावर जाणाऱ्यांनी सोबत दूध किंवा मोड आलेली मटकी घ्यावी. पिठलं-भाकरी तर उत्तमच: ज्वारीत लायसिन कमी असतं, ते बेसन भरून काढतं. भात-पोळी मात्र बंद करू नये. जोरदार सरावाचं इंधन कर्बोदकांतूनच येतं. कमी करायचंच असेल तर तळण आणि साखर कमी करावी.

वजन उतरवण्याचा हव्यास टोकाला जाऊ शकतो. स्की जंपिंगमध्ये (बर्फावरच्या घसरपट्टीवरून स्कीवर लांब उडी घेण्याच्या खेळात) खेळाडू इतके वाळू लागले की २००४ पासून उंचीच्या मानाने वजन फार कमी असलेल्यांना आखूड स्की वापरायला लावावी लागली. दीर्घकाळ कमी खाल्ल्याने हाडं ठिसूळ होतात, दुखापती वाढतात, मुलींची पाळी थांबते. नॉर्वेतल्या त्या प्रयोगातले खेळाडू प्रौढ होते, हेही ध्यानात ठेवावं. वाढत्या वयातल्या मुलांना प्रशिक्षकांनी आणि आईवडिलांनी वजन उतरवायला सांगू नये, आणि पाळी चुकू लागली तर सराव थोपवून आधी डॉक्टर गाठावा.