कॅमेरा ट्रॅपद्वारे वन्यजीव गणना

कॅमेरा ट्रॅप किंवा कॅमेरा सापळा हे समोरून जाणाऱ्या प्राण्याचे छायाचित्र माणसाच्या अनुपस्थितीत आपोआप टिपणारे उपकरण होय. वन्यजीवांची उपस्थिती, वावर आणि संख्या यांचा अभ्यास करण्यासाठी त्याचा जगभर वापर होतो. भारतात विशेषतः वाघांच्या संख्येचा अंदाज बांधण्यासाठी हे तंत्र वापरले जाते. ‘सापळा’ असे नाव असले तरी त्यात प्राणी पकडला जात नाही; संख्याशास्त्राच्या परिभाषेत प्राण्याचे छायाचित्र मिळणे म्हणजेच तो ‘पकडला’ जाणे.

रचना व कार्यपद्धती

आजच्या बहुतेक कॅमेरा ट्रॅपमध्ये अवरक्त किरण ओळखणारा संवेदक असतो. पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू त्याच्यासमोरून हलली की तो कॅमेऱ्याला चालना देतो. म्हणूनच विदर्भातील उन्हाळ्यात, जमिनीचे तापमान प्राण्याच्या शरीराइतके चढते तेव्हा, संवेदकाची क्षमता घटते. याउलट उन्हाने तापलेले गवत वाऱ्यावर डोलले तरी कॅमेरा चालू होतो आणि प्राणीच नसलेली हजारो छायाचित्रे जमा होतात.

रात्रीच्या चित्रणासाठी पांढऱ्या प्रकाशाचा फ्लॅश किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात. पांढऱ्या फ्लॅशमुळे चालत्या वाघाचे पट्टेही स्पष्ट येतात, म्हणून व्याघ्रगणनेत त्याला पसंती मिळते. परंतु त्यामुळे कॅमेऱ्याची जागा प्राण्यांना आणि माणसांनाही कळते. अवरक्त प्रकाशाचा एक अनपेक्षित उपयोग काळ्या बिबट्यांच्या बाबतीत झाला. दिवसा एकसारखा काळा दिसणाऱ्या या बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची वलये अवरक्त छायाचित्रात उमटतात आणि त्यावरून एकेक बिबट्या ओळखता येतो.

वाघांसाठी कॅमेरे साधारणपणे गुडघ्याच्या उंचीवर, जंगलातील वाटा, कोरडे नाले आणि पाणवठ्यांकडे जाणारे रस्ते येथे समोरासमोर जोडीने लावतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरील पट्टे सारखे नसतात, हे त्यामागील कारण. एकच कॅमेरा असेल, तर डाव्या कुशीचे एक आणि उजव्या कुशीचे दुसरे अशी दोन छायाचित्रे एकाच वाघाची आहेत की दोन वाघांची, हे सांगता येत नाही.

पूर्वेतिहास

अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेला धक्का लागताच फ्लॅश पेटून छायाचित्र निघेल अशी योजना केली. त्यांची ७४ छायाचित्रे ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाच्या जुलै १९०६च्या अंकात प्रसिद्ध झाली. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी याच प्रकारे वाघांची छायाचित्रे घेतली. त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ मध्ये प्रकाशित झाले. शिकारीचा बोलबाला असलेल्या त्या काळात बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन वाघाच्या वाटेवर बसणारा हा अधिकारी विरळाच होता. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, ही बाबही त्यांनी टिपली होती. या निरीक्षणाचा गणनेसाठी पद्धतशीर उपयोग होण्यास मात्र आणखी सुमारे सहा दशके लागली.

ठशांवरून छायाचित्रांकडे

भारतात दीर्घकाळ वाघांची गणना पावलांच्या ठशांवरून होत असे. १९६०च्या दशकात ओडिशातील वनाधिकारी एस. आर. चौधरी यांनी ही पद्धत विकसित केली. ठरलेल्या दिवसांत वनरक्षक आपापल्या नियतक्षेत्रात फिरून ठसे शोधत, काचेवर त्यांची बाह्यरेषा उतरवून घेत किंवा प्लॅस्टर ओतून साचे बनवत आणि त्यांच्या तुलनेतून वाघांची संख्या ठरे. ही पद्धत स्वस्त होती आणि वनरक्षकांच्या अनुभवाला तीत मोल होते. परंतु तिच्या मुळाशी दोन गृहीतके होती: प्रत्येक वाघाचा ठसा सापडतोच आणि ठशावरून वाघ नेमका ओळखता येतो. एकाच वाघाचा ठसा वाळूत, चिखलात आणि धुळीत वेगवेगळा उमटतो. शिवाय आलेल्या आकड्यात चूक किती असू शकते, हे सांगण्याची सोय या पद्धतीत नव्हती.

त्याची किंमत राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात दिसून आली. कागदोपत्री वाघ नोंदले जात असतानाच शिकारीमुळे तेथील सर्व वाघ संपले होते. ही गोष्ट २००४-०५ मध्ये उघडकीस आली. त्यानंतर केंद्र सरकारने व्याघ्र कृती दल नेमले, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले आणि गणनेची पद्धत बदलली. २००२ मध्ये ठशांवरून देशात ३,६४२ वाघ असल्याचे सांगितले गेले होते. नव्या पद्धतीने २००६ साठीचा अंदाज १,४११ आला. दोन्ही पद्धती भिन्न असल्याने या आकड्यांची थेट वजाबाकी करून ‘इतके वाघ घटले’ असे म्हणणे योग्य नाही, तरी ती वजाबाकी त्या वेळी सर्रास केली गेली.

नव्या पद्धतीचा शास्त्रीय पाया त्यापूर्वीच घातला गेला होता. कर्नाटकातील नागरहोळे येथे के. उल्हास कारंथ यांनी कॅमेरा ट्रॅप आणि संख्याशास्त्र यांची सांगड घालून वाघांची संख्या काढली. हे संशोधन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे जेम्स निकोल्स यांच्यासह त्यांनी कान्हा, पेंच आणि काझीरंगा येथेही ही पद्धत वापरली.

संख्या काढण्याचे गणित

छायाचित्रात आलेले वाघ मोजणे म्हणजे जंगलातील वाघ मोजणे नव्हे, कारण काही वाघ कॅमेऱ्यासमोर येतच नाहीत. न दिसलेल्या वाघांचा अंदाज बांधण्यासाठी ‘पकड-पुनर्पकड’ पद्धत वापरतात. तिचे सर्वांत साधे रूप काल्पनिक उदाहरणाने समजते. एका जंगलात पहिल्या फेरीत २० वेगवेगळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीत २४ वाघ टिपले गेले आणि त्यांपैकी १६ पहिल्या फेरीतलेच निघाले. दुसऱ्या फेरीतील दोन-तृतीयांश वाघ ओळखीचे आहेत. म्हणजे पहिल्या फेरीत जंगलातील सुमारे दोन-तृतीयांश वाघ टिपले गेले असावेत. त्यावरून एकूण संख्या २० × २४ ÷ १६ = ३० येते. प्रत्यक्षात छायाचित्रे २८ वाघांचीच आहेत. उरलेले दोन गणिताने सापडलेले आहेत.

हे गणित लागू पडण्यासाठी पाहणीच्या काळात जन्म, मृत्यू व स्थलांतर यांमुळे संख्येत फारसा बदल होता कामा नये. म्हणून पाहणी थोड्या आठवड्यांत उरकतात आणि एक वर्षाखालील बछड्यांना हिशेबात धरत नाहीत. प्रत्येक वाघ टिपला जाण्याची शक्यताही सारखी नसते: मोठ्या प्रदेशात फिरणारा नर अनेक कॅमेऱ्यांसमोर येतो, तर बछडे सांभाळणारी वाघीण थोड्याच जागेत वावरते. पाहणीक्षेत्राच्या कडेला राहणारे वाघ आत-बाहेर करतात, त्यामुळे ही संख्या नेमक्या किती क्षेत्रफळाची, हा प्रश्नही उरतो. कोणता वाघ कोणत्या ठिकाणी टिपला गेला, याचा गणितात समावेश करणाऱ्या स्थानाधारित प्रारूपांनी अलीकडे ही अडचण बरीच दूर केली आहे.

पट्टे जुळवण्याचे काम आता संगणक करतो. वाघाच्या शरीराच्या त्रिमितीय प्रतिकृतीवर छायाचित्र बसवले जाते. त्यामुळे वाघ तिरपा उभा असला तरी पट्ट्यांची तुलना होऊ शकते. अंतिम निर्णय मात्र तज्ज्ञ डोळ्यांनी पाहूनच देतात. जप्त केलेले कातडे कोणत्या जंगलातील वाघाचे, हेही याच जुळणीने शोधता येते.

भारतातील व्याघ्रगणना

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि देहरादून येथील भारतीय वन्यजीव संस्था राज्यांच्या वनविभागांच्या साहाय्याने दर चार वर्षांनी ही गणना करतात. प्रथम वनरक्षक ठरावीक वाटांवर चालून ठसे, विष्ठा, ओरखडे आणि तृणभक्षी प्राणी यांची नोंद करतात; नंतर निवडक क्षेत्रांत दर दोन चौरस किलोमीटरच्या चौकटीत कॅमेऱ्यांची एक जोडी लावली जाते. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले व ३,४८,५८,६२३ छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१ होती. त्यांतून २,४६१ वाघ ओळखले गेले आणि देशातील एकूण संख्येचा अंदाज २,९६७ आला. या पाहणीची नोंद गिनेस बुकात झाली. २०२२ मध्ये अंदाज ३,६८२ वर गेला. महाराष्ट्रात तो ४४४ होता.

कॅमेरा नसलेल्या क्षेत्रांतील संख्या वनरक्षकांच्या नोंदींशी सांगड घालून काढली जाते. अशी सांगड कितपत विश्वसनीय आहे, यावर कारंथ आणि इतर संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत.

गणनेपलीकडे, वाघांचे स्थलांतरही छायाचित्रांतून कळते. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात टिपला गेलेला वाघ पट्ट्यांवरून यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा असल्याचे निष्पन्न झाले.

इतर प्राणी

बिबट्या आणि हिमबिबट्या यांच्या ठिपक्यांवरूनही हीच पद्धत वापरता येते. भारतातील हिमबिबट्यांच्या पहिल्या देशव्यापी पाहणीत २४१ प्राणी ओळखले गेले आणि एकूण अंदाज ७१८ आला. सांबर, रानडुक्कर, अस्वल असे प्राणी एकेक ओळखता येत नाहीत. त्यांच्यासाठी प्राण्याचा चालण्याचा वेग आणि कॅमेऱ्याचे दृश्यक्षेत्र यांवर आधारित प्रारूपे वापरतात.

मर्यादा व वाद

हत्ती कॅमेरे उखडून टाकतात, ओलाव्याने ते बिघडतात आणि त्यांची चोरीही होते. अधिक गंभीर प्रश्न माणसांच्या छायाचित्रांचा आहे. जंगलात सरपण, मोहफुले, तेंदूपाने गोळा करणारी किंवा शौचास जाणारी माणसेही कॅमेऱ्यात येतात. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थानिक महिलांनी आपल्यावर सतत पाळत असल्याची भावना व्यक्त केली. घरच्या धाकापासून दूर मोकळेपणाने गाण्या-बोलण्याची जागा म्हणून त्या जंगलाकडे पाहत. कॅमेरे आल्यावर त्या हळू आवाजात बोलू लागल्या किंवा अपरिचित भागांत जाऊ लागल्या. वाघांच्या प्रदेशात आवाज करत जाणे हा स्वसंरक्षणाचाही भाग असल्याने या बदलामुळे त्यांचा धोका वाढतो, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे.